जुनी कागदपत्रं कमी खर्चात स्कॅन करायचीत? आधी यादी करा

सगळे पहिल्यांदा विचारतात स्कॅनर कुठला घेऊ, आणि मी दरवेळी सांगते आधी यादी करा. गठ्ठा नंबर, पानं किती, साल कुठलं, कागदाची अवस्था कशी, एवढं एक्सेलमध्ये भरलं तरी पुष्कळ. आम्ही ते केलं नव्हतं, स्कॅनरने फाइलना दिलेली नावं तशीच ठेवली आणि सहा महिन्यांनी कुठलं पान कुठल्या गठ्ठ्यातलं हे कळेना म्हणून सगळे गठ्ठे परत सोडावे लागले, त्या ठिसूळ कागदांना विनाकारण दुसऱ्यांदा हात लागला याचं मला अजून वाईट वाटतं. फाइलच्या नावात गठ्ठा नंबर आणि पान नंबर हवाच, तोही ००४५ असा शून्य लावून, नाहीतर १० नंबरचं पान २ च्या आधी येऊन बसतं.

सुट्या पानांना साधा फ्लॅटबेड, म्हणजे काचेवर पान ठेवायचा स्कॅनर चालतो. कागद आत ओढून घेणारा फीडर मात्र जुन्या कागदाला अजिबात नको. बांधीव रजिस्टर असेल तर काचेवर दाबू नका, शिवण तुटते, त्यापेक्षा कॅमेरा स्टँडला उलटा लावून वरून फोटो काढा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशात एकसारखे दिवे, खोलीतले बाकीचे दिवे बंद, आणि शटर २ सेकंदांच्या टायमरवर म्हणजे हात लागून हलणार नाही. कॅमेरा सरळ आहे का हे बघायला पान ठेवायच्या जागी छोटा आरसा ठेवा, स्क्रीनवर लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं की झालं. रजिस्टर पूर्ण उघडत नसेल तर पुठ्ठ्याखाली घडी घातलेला टॉवेल द्या.

स्कॅन ४०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ४०० ठिपके), कलरमध्ये, आणि फाइल टिफ, म्हणजे चित्राचा तपशील न गमावता साठवणारा प्रकार. ब्लॅक अँड व्हाइट करून जागा वाचवायचा मोह होतो पण त्यात पेन्सिलीचे शेरे आणि फिकट शिक्के जातात, आणि कधीकधी तेच तर महत्त्वाचं असतं. ए४ चं एक पान साधारण ४६ एमबी होतं, म्हणजे हजार पानांना ४६ जीबी, त्या हिशोबाने हार्ड डिस्क घ्या. लोकांना द्यायला त्यातूनच पीडीएफ बनवा, मूळ टिफला हात लावू नका.

कॉपी तीन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. आणि रोज काम थांबवताना त्या दिवसाची पानं यादीशी मोजून घ्या, दोन पानं चिकटून एक सुटलं असेल तर ते गठ्ठा बांधायच्या आधीच सापडतं.