गरोदर बाईला दारू-भांगेबद्दल कसं विचारावं

जत-आटपाडीच्या वस्त्यांवर सासूसमोर ‘दारू घेता का?’ विचारलं, की उत्तर ‘नाही’च. एकटीला गाठा. पाळी चुकण्याआधीचे आठवडेही विचारा: गर्भधारणेपासून साधारण 28 दिवसांत मज्जानलिका (बाळाचा मेंदू नि मज्जारज्जू जिच्यापासून बनतात ती नळी) बंद होते, तोवर दिवस गेल्याचं बाईला अनेकदा कळलेलंही नसतं. महाशिवरात्रीची भांग ‘प्रसाद’ म्हणून सांगायची राहून जाते. नाव घेऊन विचारा. वाइन तासगावच्या द्राक्षांची असली तरी दारूच.

गांजा-भांगेतला टीएचसी हा नशा आणणारा घटक पेशींवरच्या सीबी1 या ग्राहीमार्फत (तो जिथं चिकटतो त्या जागेमार्फत) मेंदू नि चेहरा घडवणारा ‘सॉनिक हेजहॉग’ संदेश दाबतो. दारूही तिथंच घाव घालते. उंदीर आणि झेब्राफिशच्या भ्रूणांत दोन्ही एकत्र आल्यावर हानी वाढलेली दिसली.

रोज भरपूर पिणारीला मात्र एकदम सोडायला लावू नका, झटके येऊ शकतात. सांगलीच्या सिव्हिलला न्या.