बेस गिटारसाठी ग्राफिक इक्वलायझर पेडल: मंडपात सूर ऐकू यावा म्हणून

भीमजयंतीचा गीतगायनाचा कार्यक्रम असो, झाडीपट्टीतलं रात्रभर चालणारं नाटक असो की लग्नातला ऑर्केस्ट्रा, गावाकडच्या स्टेजवर बेस गिटारची एक तक्रार ठरलेली. मंडपात नुसती घरघर पोहोचते, सूर पोहोचत नाही. साउंडवाला ओरडतो, "भाऊ, लई घुमून रायलं ना!" तो मिक्सरवरून बेस उतरवतो, वाजवणारा अॅम्पवरून चढवतो, आणि गाण्याखाली कोणता स्वर चाललाय ते कोणालाच कळत नाही. आवाज वाढवून हे सुटत नाही. ग्राफिक इक्वलायझर पेडलने, म्हणजे आवाजातला जाड-बारीक भाग वेगवेगळा कमी-जास्त करणाऱ्या, पायाशी ठेवायच्या छोट्या डब्याने सुटतं, पण एका अटीवर: आधी नको ते काढायचं, वाढवायचं नंतर.

पेडलवरचा प्रत्येक स्लाइडर आवाजाचा एकेक पट्टा सांभाळतो. पट्टा हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंपनं यात मोजतात; आकडा लहान तितका आवाज जाड. बॉसच्या जीईबी-७ वर ५०, १२०, ४००, ५००, ८०० हर्ट्झ, ४.५ आणि १० किलोहर्ट्झ असे ७ पट्टे आहेत, शिवाय एकूण लेव्हलचा वेगळा स्लाइडर. प्रत्येक पट्टा १५ डेसिबलपर्यंत वर किंवा खाली जातो. एमएक्सआरच्या १० पट्ट्यांच्या पेडलची सुरुवात ३१.२५ हर्ट्झपासून होते. साध्या गिटारसाठीचं जीई-७ मात्र १०० हर्ट्झपासून सुरू होतं. बेसच्या मोकळ्या तारा ई ४१, ए ५५, डी ७३ आणि जी ९८ हर्ट्झच्या, म्हणजे जी सोडली तर बाकीच्यांचे मूळ स्वर तिथे नीट हाती लागत नाहीत. विकत घेताना हे बघूनच घ्या.

जोडणी आणि सुरुवात

क्रम असा ठेवा: गिटार, ट्यूनर, कम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारं पेडल) असेल तर तो, मग इक्वलायझर, मग अॅम्प किंवा डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा डबा). आपल्याकडे बऱ्याच कार्यक्रमांत बेससाठी अॅम्प नसतोच, वायर सरळ मिक्सरला जाते. तिथे तर हे पेडल फारच उपयोगी, कारण टोनचा ताबा तुमच्याकडे राहतो. अॅडॅप्टर लावण्याआधी पेडलवर छापलेला व्होल्टेज आणि पोलॅरिटी (प्लस-मायनस कुठे ते) वाचा. जीईबी-७ ला ९ व्होल्ट लागतात, एमएक्सआरच्या १० पट्ट्यांच्या पेडलला १८. बॅटरीवर चालवत असाल तर वाजवून झाल्यावर इनपुटची पिन काढून ठेवा. पिन आत असेल तर पेडल बंद दिसलं तरी बॅटरी उतरत राहते.

आता सगळे स्लाइडर मध्यावर आणा. अॅम्पचे टोनही मध्यावर, पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेल्या) गिटारचा टोन पूर्ण उघडा. पेडल चालू-बंद करून बघा, दोन्ही वेळा आवाज सारखाच मोठा हवा. यापुढे स्लाइडर हलवलात की दर वेळी लेव्हलच्या स्लाइडरने ही बरोबरी पुन्हा जुळवा. मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो, त्यामुळे ही बरोबरी नसेल तर टोन सुधारला की नुसता आवाज वाढला हे ठरवता येत नाही.

नको तो पट्टा शोधणं

एकूण आवाज कमी करा. एक सोपी चाल वाजवत राहा आणि एकेक स्लाइडर पूर्ण वर नेऊन ऐका. जो वर नेल्यावर आवाज सगळ्यात वाईट होतो, तोच मध्याखाली ३ ते ५ डेसिबल उतरवा. बहुतेक वेळा तो ४०० किंवा ५०० चा निघतो. तिथे बेस खोक्यात कोंडल्यासारखा बोदा वाटतो. हे दोन पट्टे अगदी शेजारी आहेत, दोन्ही एकदम खोल खेचलेत तर बेसचा जीवच जातो.

८०० हर्ट्झला मी सगळ्यात जास्त मानतो. बोटांचा ठोका आणि स्वराची ओळख इथे आहे. मंडपातल्या लहान स्पीकर बॉक्सवर तो २-३ डेसिबल वर घेतला की मागच्या रांगेतल्या माणसालाही चाल समजते. ४.५ किलोहर्ट्झवर तारांची खणखण असते, स्लॅप (अंगठ्याने तार आपटून) वाजवत नसाल तर वाढवू नका. १० किलोहर्ट्झवर बहुतेक नुसती सूं सूंच मिळते, तो स्लाइडर उतरवलात तरी चालतं.

सर्वांत मोह होतो तो ५० चा. लहान बॉक्सला ४१ हर्ट्झचा ई धड काढताच येत नाही. तिथे ६ डेसिबल वाढवणं म्हणजे अॅम्पकडे त्या पट्ट्यात चौपट ताकद मागणं, १२ डेसिबल म्हणजे जवळपास सोळापट. आवाज फाटतो, स्पीकर जळतो. त्याऐवजी १२० किंचित वर घ्या. त्याच ई चे ८२ आणि १२३ हर्ट्झचे उपस्वर ऐकून कान मूळ स्वर स्वतःच भरून काढतो.

पत्र्याच्या समाजमंदिरात वेगळी अडचण येते. तिथे एकेक फ्रेट (दांड्यावरचं घर) सावकाश वाजवत जा. एखादाच स्वर भलताच घुमेल. ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी घुमला तर तो ४९ हर्ट्झचा, म्हणून ५० चा स्लाइडर थोडा खाली. जी तारेवर चौथ्या फ्रेटचा बी घुमला तर १२० चा.

शेवटची जुळणी सगळे वाजत असतानाच करा. एकट्याने वाजवताना गोड लागलेला टोन ढोलक आणि ऑक्टापॅडच्या किकखाली गाडला जातो. कीबोर्डवाला डाव्या हाताने खालचे स्वर धरून बसला असेल तर त्याला तो हात उचलायला सांगा, त्या गर्दीवर पेडलचा इलाज नाही. सेटिंग जमलं की मोबाईलवर फोटो काढा, गाडीतल्या धक्क्यांनी स्लाइडर सरकतात.

जनरेटरवर किंवा लाइनवर घूं घूं आवाज आला तर ५० चा स्लाइडर पाडून तो दाबू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची ही घूं घूं (तिला हम म्हणतात) ५० आणि १०० वर येते, आणि तिथेच तुमचे खालचे स्वर असतात. हमबरोबर तेही जातील. आधी वायर बदलून बघा, मग पेडल अॅडॅप्टरऐवजी बॅटरीवर चालवून बघा, मग डीआय बॉक्सचं ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या वायरचं ग्राउंड तोडणारं बटण) दाबा. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा उपाय कोणी सुचवला तर साफ नाही म्हणा. गिटारच्या तारा तुमच्या हातात असतात आणि माइक ओठांशी, तिथे अर्थिंग नसणं जिवावर बेतू शकतं.