पेटंटसाठी वकिलाकडे जाताना: उद्यमबाग, मच्छे आणि निपाणीच्या कारखानदारांसाठी

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेत कोणी हायड्रॉलिक सिलिंडरचे सील बसवण्याची नवी रीत शोधली असेल, तर अर्ज दाखल होईपर्यंत त्याने तो नग प्रदर्शनात मांडू नये आणि त्याचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर तर मुळीच टाकू नये, कारण उघड झालेली गोष्ट कायद्याच्या नजरेत नवी राहत नाही. नमुना अजून पक्का नसेल, तर तात्पुरते विवरण, म्हणजे शोधाचे लेखी वर्णन, देऊन अर्जाची तारीख राखून ठेवता येते. संपूर्ण विवरण मात्र १२ महिन्यांच्या आत द्यावे लागते.

वकिलाची सनद पाहून थांबू नये. पेटंट कार्यालयापुढे काम चालवण्यासाठी पेटंट एजंट म्हणून वेगळी नोंदणी लागते. जमिनीचे खटले उत्तम लढवणाऱ्या फर्ममध्येही असा माणूस असेलच असे नाही. फर्म कोल्हापूरची असली तरी चालते, पण अर्ज कारखान्याच्या पत्त्याप्रमाणे जातो: कागलचा मुंबईला, निपाणीचा चेन्नईला. सीमा इथेही आडवी येतेच. अर्जाची भाषा इंग्रजी किंवा हिंदी. मराठी चालत नाही आणि कन्नडही नाही.

सर्वाधिक वेळ क्लेमच्या, म्हणजे शोधातल्या नेमक्या कशावर आपला हक्क आहे हे सांगणाऱ्या भागाच्या, मसुद्याला द्यावा. (मराठीत त्यालाही दावाच म्हणतात, पण कोर्टातल्या दाव्याशी घोटाळा नको.) मसुद्यात ‘स्टीलची स्प्रिंग’ असे लिहिले आणि शेजाऱ्याने तिथे रबरी रिंग घातली, तर तो नामानिराळा राहू शकतो, ‘सीलला आतून दाब देणारा लवचीक घटक’ असे लिहिल्यास दोन्ही त्यात बसतात, परंतु फार ऐसपैस लिहिले तर ते एखाद्या जुन्या यंत्राशी जुळते आणि पेटंट कार्यालयाचा परीक्षक आक्षेप घेतो. कशाच्या जागी काय बसू शकते हे नग बनवणाऱ्या फिटरला वकिलापेक्षा अधिक ठाऊक असते, म्हणून त्याला सोबत न्यावे.

परीक्षणाची मागणी आपोआप होत नाही. ती ३१ महिन्यांत केली नाही, तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते.

पेटंट मंजूर झाल्यावरच नकलेविरुद्ध दावा लावता येतो, आणि तोही किमान जिल्हा न्यायालयात. प्रतिवादीने पेटंटच रद्द करण्याचा प्रतिदावा केला, तर प्रकरण उच्च न्यायालयाकडे, म्हणजे आपल्यासाठी धारवाड खंडपीठाकडे जाते. दावा लावण्याआधी नकली नग दुकानातून पक्क्या जीएसटी बिलावर विकत घ्यावा आणि खोके न फोडता वकिलाच्या टेबलावर ठेवावे.