पॉइंटर फाइलमध्ये साठवताय? या चुका टाळा

सी किंवा सी-प्लस-प्लसच्या प्रोग्रॅममध्ये मध्य रेल्वेची स्टेशनं एका लिंक्ड लिस्टमध्ये, म्हणजे प्रत्येक घटक पुढच्याकडे बोट दाखवतो अशा साखळीत, ठेवली आहेत असं धरू. प्रत्येक स्टेशनच्या स्ट्रक्टमध्ये (एकत्र बांधलेल्या माहितीच्या गठ्ठ्यात) दोनच गोष्टी: नावाचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, आणि पुढच्या स्टेशनचा पॉइंटर. दादरचं स्ट्रक्ट सरळ एफराइटने (मेमरीतले बाइट जसेच्या तसे लिहिणाऱ्या फंक्शनने) फाइलमध्ये टाकलं, तर ६४ बिट मशीनवर १६ बाइट लिहिले जातात. त्यात 'दादर'मधलं एक अक्षरही नसतं आणि माटुंग्याचा मागमूसही नसतो. असतात ते नुसते दोन पत्ते, तेही ती प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) जिवंत असेपर्यंतच खरे.

ही चूक लवकर सापडत नाही, हे जास्त वाईट. टेस्टमध्ये आपण लिहितो आणि त्याच प्रोसेसमध्ये परत वाचतो. जुना ऑब्जेक्ट मेमरीत जागेवरच असतो, पॉइंटर बरोबर लागतो, टेस्ट पास. फोर्क करून, म्हणजे प्रोसेसची दुसरी प्रत (चाइल्ड) काढून, तिच्यात वाचलं तरी तेच, कारण तिला मूळ प्रोसेसच्या मेमरीची प्रत त्याच पत्त्यांवर मिळते. जीडीबी या डीबगरमध्ये बघावं, तर लिनक्सवर तो एएसएलआर (दर वेळी मेमरीतले पत्ते बदलणारी सुरक्षा सोय) बंद करूनच प्रोग्रॅम चालवतो, त्यामुळे पत्ते बहुधा दर वेळी तेच येतात. बाहेर चालवलं की सेगफॉल्ट, म्हणजे चुकीच्या पत्त्याला हात लावल्याने प्रोग्रॅम कोसळतो. जुना पत्ता जपून ठेवणं म्हणजे गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेल्यावरही जुन्या खोली नंबरावर पत्र टाकत राहणं. म्हणून टेस्ट अशीच हवी: एका प्रोग्रॅमने लिहायचं, तो बंद करायचा, नव्याने सुरू केलेल्या प्रोग्रॅमने वाचायचं.

संशय आला तर आधी फाइलचा हेक्सडंप (प्रत्येक बाइट सोळा-अंकी पद्धतीत दाखवणारी यादी) काढा. ६४ बिट लिनक्सवर, इंटेलच्या मशीनवर, आठ-आठ बाइटच्या गटांच्या शेवटी '७एफ ०० ००' किंवा '५५ ०० ००' असं वारंवार दिसलं, तर पत्ते फाइलमध्ये शिरलेत असं समजायला हरकत नाही. प्रोग्रॅम दोनदा चालवून एकच डेटा लिहा आणि दोन्ही फाइली ताडून बघा. मधलेच काही बाइट बदलत असतील तर ते पत्ते असतील, नाहीतर पॅडिंगमधला (स्ट्रक्टमध्ये कंपायलरने सोडलेल्या रिकाम्या बाइटमधला) कचरा. तो कचराही बाहेर जाऊ देऊ नका, त्यात दुसरीच गोपनीय माहिती असू शकते.

उपाय असा की पत्ता लिहायचाच नाही, कोण कोणाला जोडलंय ते लिहायचं. प्रत्येक स्टेशनला क्रमांक द्या आणि पॉइंटरच्या जागी तो क्रमांक लिहा. इथे बरेच जण पॉइंटर दिसला की आत शिरून अख्खा ऑब्जेक्ट लिहून टाकतात. दादर हे स्टेशन पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे, दोन्ही मार्गांवर आहे. अशा पद्धतीने ते दोनदा लिहिलं जातं, वाचल्यावर दोन वेगळी दादर तयार होतात आणि एकातला बदल दुसऱ्याला कळत नाही. मागच्या स्टेशनचाही पॉइंटर असेल तर परळ-दादर-परळ असं रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) स्टॅकची, म्हणजे त्यासाठीच्या मेमरीची, जागा संपेपर्यंत फिरत राहतं. लिहिलेल्या ऑब्जेक्टची नोंद ठेवणारा तक्ता लागतोच.

वाचताना दोन फेऱ्या करा. आधी सगळे ऑब्जेक्ट तयार करायचे, मग क्रमांकांवरून पॉइंटर जोडायचे. एकाच फेरीत व्हेक्टरमध्ये (सी-प्लस-प्लसच्या वाढत्या यादीत) भर घालत पॉइंटर जोडत गेलात, तर व्हेक्टर वाढताना जागा बदलतो आणि आधी जोडलेले सगळे पॉइंटर लटकतात, म्हणजे रिकाम्या झालेल्या जागेकडे बोट दाखवतात.

एममॅप (फाइल थेट मेमरीत जोडणं) किंवा शेअर्ड मेमरी (अनेक प्रोसेसनी वाटून घेतलेली) यांसाठी ऑफसेट, म्हणजे ठरलेल्या जागेपासूनचं बाइटमधलं अंतर, बरे. मात्र ऑफसेट पॉइंटरच्या स्वतःच्या जागेपासून मोजत असाल, तर शून्य म्हणजे 'मी स्वतःच', नल (कुठेच बोट न दाखवणारा पॉइंटर) नव्हे. सी-प्लस-प्लसच्या बूस्ट लायब्ररीतल्या ऑफसेट-पॉइंटरमध्ये याच कारणासाठी नलला १ ही किंमत दिली आहे.

फंक्शन पॉइंटर आणि व्हर्च्युअल फंक्शन असलेले सी-प्लस-प्लसचे ऑब्जेक्ट (त्यांच्या आत एक लपलेला पॉइंटर असतो) यांनाही हेच लागू. तिथे प्रकाराचा क्रमांक लिहा. 'लाँग' हा पूर्णांकाचा प्रकार टाळा, तो ६४ बिट लिनक्सवर ८ बाइट आणि विंडोजवर ४ बाइट असतो. आकड्यातला कोणता बाइट आधी लिहायचा, तो क्रमही ठरवून टाका.

शेवटची चूक सुरक्षेची, आणि तिच्याकडे मी सर्वांत कडकपणे बघतो. फाइलमधून आलेल्या ऑफसेटवर तपासल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. 'ऑफसेट अधिक लांबी, फाइलच्या आकारापेक्षा कमी' ही तपासणी फसते: दोन्ही आकडे मोठे असले की बेरीज ओव्हरफ्लो होऊन, म्हणजे ठरलेल्या बिटांत न मावून, लहान दिसते. आधी ऑफसेट आकाराच्या आत आहे का बघा, मग लांबीची तुलना 'आकार वजा ऑफसेट'शी करा. अलाइनमेंटही (पत्त्याला डेटाच्या प्रकारासाठी ठरलेल्या आकड्याने भाग जातो का) तिथेच तपासा, आणि भाग न जाणाऱ्या वाकड्या जागेवरून वाचायचं असेल तर पॉइंटर कास्ट न करता (त्याचा प्रकार जबरदस्तीने न बदलता) मेमकॉपी, म्हणजे बाइट उतरवून घेणारं फंक्शन, वापरा.