इंजिनिअर होतो, हिशेब उशिरा शिकलो

मुंबईच्या व्हीजेटीआय इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकलची डिग्री घेऊन १९८६ मध्ये मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका पंप कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलो. निवृत्त झालो तेव्हा त्याच कंपनीचा सीईओ होतो. कॉलेजातली मुलं भेटली की विचारतात, एमबीए कधी करू, परदेशी जाऊ का? माझं म्हणणं, आधी उधारी समजून घ्या.

प्रॉडक्शन मॅनेजर झालो त्या वर्षी आमचं एकाही महिन्याचं टार्गेट चुकलं नाही. मार्चमध्ये अकाउंट्सच्या प्रमुखांनी मला गोडाऊनमध्ये नेलं. छतापर्यंत लाकडी पेट्या रचलेल्या. एका पेटीवरची धूळ त्यांनी हाताने पुसली. "तारीख वाचा." जुलैची होती. "साहेब, हिच्यात अडकलेल्या पैशांचं व्याज आपण जुलैपासून बँकेला भरतोय." मशीन रिकामं ठेवणं मला पाप वाटायचं, म्हणून मी माल काढत गेलो होतो. तो कुणाला हवाय, कधी हवाय, हे विचारलंच नव्हतं.

त्याच वर्षी चर्चगेटच्या बजाज इन्स्टिट्यूट या मॅनेजमेंट कॉलेजच्या संध्याकाळच्या तीन वर्षांच्या फायनान्सच्या कोर्सला नाव घातलं. ठाणे-वाशी लोकल तेव्हा नव्हती, ती २००४ मध्ये आली. कंपनीच्या बसने ठाणे, तिथून दादर, गाडी बदलून चर्चगेट. घरी पोचेपर्यंत मुलं झोपलेली असत. त्या तीन वर्षांचं ओझं बायकोने उचललं, हे सांगायलाच हवं.

तिथे शिकलेलं एक गणित आयुष्यभर पुरलं. वर्षाची विक्री १२० कोटी आणि गिऱ्हाईक ९० दिवसांनी पैसे देत असेल, तर सुमारे ३० कोटी कायम बाहेर अडकलेले. १२ टक्क्यांनी व्याजच ३ कोटी ६० लाख. वसुली ६० दिवसांवर आणली की १० कोटी मोकळे होतात, एकही नवं मशीन न घेता. पण लहान पुरवठादाराचे पैसे थकवून हेच साधणं मला कधी पटलं नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये चार लेथवर आमचे शाफ्ट काढून देणाऱ्याच्या कामगारांचे पगार त्याच पैशांवर होतात. शिवाय २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याने अशा लहान पुरवठादाराला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात.

तेव्हा नोकरीची पहिली तीन वर्षं शॉप, म्हणजे जिथे माल बनतो ती जागा, सोडू नका, पण स्टोअर्स आणि डिस्पॅचमध्ये मुद्दाम बसा. लिस्टेड कंपन्यांचे वार्षिक अहवाल फुकट मिळतात. त्यातलं कॅश फ्लोचं, म्हणजे रोख किती आली-गेली याचं, पान नफ्याच्या आधी वाचा. आणि घाई नको. ए. एम. नाईक १९६५ मध्ये एल अँड टीत ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागले, सीईओ झाले १९९९ मध्ये.

खुर्चीचं वजन मला कळलं ते संचालक झाल्यावर. कारखाने अधिनियमाखाली भोगवटादार, म्हणजे कायद्याने कारखान्याला जबाबदार माणूस, म्हणून माझं नाव लागलं. कुणाचा हात मशीनमध्ये गेला, तर कोर्टात उभं राहायचं ते मी. कागदावर सही केली आणि तडक शॉपवर गेलो. एका पॉवर प्रेसचं, हात आत जाऊ नये म्हणून असतं ते गार्ड काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं, काम पटपट उरकावं म्हणून. फोरमन म्हणाले, "साहेब, आजची डिलिव्हरी आहे." प्रेस तिथल्या तिथे बंद करायला लावली. माल दोन दिवस उशिरा गेला. गिऱ्हाइकाला फोन मीच केला.