‘काम चालू’ या रकान्याला मर्यादा घाला

उत्पादनविकासाच्या बोर्डावर (टीमची कामे रकान्यांत मांडणाऱ्या फलकावर) ‘काम चालू’ या रकान्यात वीस-पंचवीस कार्डे, म्हणजे तितकीच कामे, साचतात, सगळीच अर्धवट राहतात आणि रिलीजच्या आठवड्यात पूर्ण झालेले फारसे काही हाती नसते.

१. जिरा (Jira) या कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कंपनी-मॅनेज्ड प्रोजेक्टमध्ये (ज्याची रचना प्रशासक ठरवतो) बोर्ड सेटिंग्जमधील ‘कॉलम्स’ या भागात जाऊन ‘कॉलम कन्स्ट्रेंट’, म्हणजे रकान्यातील कार्डांच्या संख्येवरची मर्यादा, सुरू करावा. तेथे उपकामे वगळून मोजण्याचा पर्याय मिळतो आणि तोच निवडावा, कारण एकाच कामाची पाच उपकामे मोजली गेली तर आकडा फसवा ठरतो.

२. कमाल संख्या म्हणून माणसांइतका किंवा त्याहून एकाने जास्त आकडा भरावा. माझ्या मते ५ जणांच्या टीमला ६ पुरतात.

३. मर्यादा गाठली की नवे कार्ड न घेता आधीचे पूर्ण करायला सहकाऱ्याला मदत करावी. खरा फायदा याच सवयीत आहे.

ट्रेलो (Trello) या अशाच बोर्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम ‘लिस्ट लिमिट्स’ हे पॉवर-अप (जोडता येणारी जादा सुविधा) करते.

एक काळजी घ्यावी: जिरामध्ये मर्यादा ओलांडल्यावर रकाना केवळ लाल होतो, कार्ड अडवले जात नाही, त्यामुळे जास्तीचे कार्ड घ्यायचेच असेल तर तो निर्णय परस्पर न घेता रोजच्या बैठकीत सर्वांसमोर घ्यावा.