जवळपास फिरण्यासाठी स्वस्त सायकल निवडताना

रस्ते फारसे चढाचे नसतील, तर घराजवळच्या फेरफटक्यासाठी २१ गिअर आणि पुढचे-मागचे सस्पेन्शन यांची गरज नसते. स्वस्त सायकलीत हेच भाग वजन वाढवतात आणि लवकर कुरकुरू लागतात. त्यापेक्षा मडगार्ड व चेनकव्हर असलेली साधी सायकल बरी. पायडल अगदी खाली असताना सीटवर बसलेल्याचा गुडघा किंचित वाकलेला राहावा, एवढी उंची जुळली पाहिजे.

जुनी सायकल घेताना चाक उचलून फिरवावे आणि रिम ब्रेकच्या रबराला एकाच जागी घासते का, हे पाहावे. स्पोक आवळून हा आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, बहुधा काढता येतो. परंतु फ्रेमच्या जोडावर तडा दिसल्यास ती सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नये. गंजलेली चेन आणि झिजलेले टायर बदलता येतात, मात्र तो खर्च वजा करूनच भाव ठरवावा.